आणखी एक डाव

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात, ज्यास रामेश्वर असे नाव आहे, शिव-पार्वती सारीपाट खेळत बसल्याचे एक शिल्प आहे. कैलासाच्या भव्यतेने डोळे दिपलेला प्रवासी तेथवर बहुधा पोचत नाही. पोचला तरी घाईने पुढे जातो. डाव पार्वतीने जिंकला आहे, आणि हरलेला शिव बोट वर करून आणखी एक डाव मागत आहे, असा अर्थ काही अभ्यासकांनी या प्रसंगाचा लावला आहे. खालच्या पट्टीत गण नंदीच्या खोड्या काढीत आहेत. साक्षात महादेवासही एका डावात हार मान्य करवली नाही, आणि सहाव्या शतकाच्या अखेरीच्या त्या अनाम शिल्पकारास त्यात काही वावगे वाटले नाही, ही गोष्ट आमच्या मनात बरेच दिवस घर करून आहे.

ती आज आठवण्याचे कारण फुटबॉल हे आहे. शालेय क्रीडास्पर्धांची परिपत्रके दर वर्षी निघतात, दर वर्षी शाळांचे संघ गोळा होतात, आणि दर वर्षी निम्मे संघ पहिल्याच दिवशी घरी परततात. या व्यवहाराची आपणांस इतकी सवय झाली आहे की त्यात काही चुकते आहे असे कोणास वाटेनासे झाले आहे. ते का चुकते, हे सांगण्यासाठी आम्ही वाचकांस २०२२ सालच्या जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याच राज्यात झालेल्या, आणि आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिलेल्या, एका स्पर्धेकडे नेऊ इच्छितो.

ती स्पर्धा म्हणजे महिलांचा आशियाई फुटबॉल चषक. प्रथम नवी मुंबईबरोबर भुवनेश्वर व अहमदाबाद येथे सामने व्हावयाचे होते. परंतु महामारीमुळे प्रवास टाळण्यासाठी सर्व सामने महाराष्ट्रात आणले गेले. नवी मुंबईचे डी. वाय. पाटील मैदान, अंधेरीचे फुटबॉल मैदान आणि पुण्याजवळील बालेवाडीचे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल ही तीन ठिकाणे ठरली. ज्या भोसले घराण्याची पाटीलकी वेरूळची, त्या घराण्यातील महापुरुषाचे नाव धारण करणाऱ्या संकुलात आशियातील सर्वश्रेष्ठ संघ झुंजले, याचे मराठवाड्यास काही अप्रूप वाटावयास हरकत नव्हती. पण वाटणार कसे? निर्बंधांमुळे प्रेक्षकांस प्रवेश नव्हता. बारा संघ आले, खेळले व गेले; खुर्च्या रिकाम्या होत्या.

यजमानांची गत त्याहून वाईट झाली. २० जानेवारी रोजी भारताचा पहिला सामना इराणशी गोलशून्य बरोबरीत सुटला. २३ जानेवारीस चिनी तैपेईशी गाठ होती. त्या दिवशी भारताच्या बारा खेळाडूंस कोरोनाची बाधा झाल्याचे निष्पन्न झाले, आणि नियमाप्रमाणे लागणारे किमान तेरा खेळाडू मैदानावर उभे करता आले नाहीत. सामना झाला नाही. भारताने स्पर्धेतून माघार घेतली असे धरण्यात आले आणि इराणविरुद्धचा खेळलेला सामनाही हिशेबातून वगळला गेला. सुरक्षित वेढ्याच्या व्यवस्थेविषयी त्यावेळी पुष्कळ वाद झाला. नियमात एखाद्या दिवसाचीही सवड नसावी काय, असेही विचारले गेले. तो वाद उकरून काढण्यात आता अर्थ नाही. आमच्या मनास लागली ती निराळी गोष्ट. कर्णधार आशालता देवी व तिच्या सहकारी मुली एकही सामना न हरता स्पर्धेबाहेर गेल्या. त्यांस हरण्याची संधीसुद्धा मिळाली नाही.

मग ज्यांस मिळाली त्यांनी तिचे काय केले?

३० जानेवारीस बादफेरीस आरंभ झाला. बालेवाडीस दुपारी ऑस्ट्रेलिया व दक्षिण कोरिया यांची गाठ पडली. ऑस्ट्रेलियाने साखळीत इंडोनेशियावर अठरा गोल चढविले होते. तीन सामन्यांत मिळून चोवीस. चषक त्यांच्याच घरी जाणार असे जाणकारांचे भाकीत होते. कोरियाने पूर्वार्धात मिळालेला पेनल्टीचा फटका वाया घालविला, तेव्हा तर ते भाकीत खरे ठरल्यासारखेच वाटले. पण सत्त्याऐंशीव्या मिनिटास जी सो-युन हिने लांबून मारलेला चेंडू जाळ्यात गेला आणि अठरा गोलांचा संघ घरी गेला. त्याच मैदानावर फिलिपीन्स व चिनी तैपेई एक-एक अशा बरोबरीत राहिले. पेनल्टीच्या फटक्यांवर निकाल आला तेव्हा फिलिपीन्सची गोलरक्षक ऑलिव्हिया मॅकडॅनियल हिने प्रतिस्पर्ध्यांचे फटके अडविले आणि एक फटका स्वतः मारलाही; अखेरचा सरिना बोल्डेनचा. चार विरुद्ध तीन. त्या एका फटक्याने फिलिपीन्स हा देश, पुरुष व महिला मिळून, इतिहासात प्रथमच फुटबॉलच्या विश्वचषकास पात्र ठरला. हे बालेवाडीस घडले. दुसऱ्या दिवशीच्या मराठी वृत्तपत्रांत, आमचे धरून, यास किती जागा मिळाली हे विचारण्याचे धाडस आम्ही करीत नाही.

नवी मुंबईस जपानने थायलंडचा सात गोलांनी फडशा पाडला आणि चीनने व्हिएतनामला तीन-एक असे हरविले. ३ फेब्रुवारीच्या दोन उपांत्य सामन्यांपैकी कोरियाचा फिलिपीन्सवरील दोन गोलांचा विजय अपेक्षितच होता. खरा सामना झाला तो चीन व जपान यांच्यात. जपान दोनदा पुढे गेला आणि चीनने दोनदा बरोबरी साधली. दुसरी बरोबरी तर जादा वेळेच्या शेवटच्या मिनिटांत, एकशे एकोणिसाव्या मिनिटास, वांग शानशान हिने साधली. मग पुन्हा पेनल्टीचे फटके, पुन्हा चार-तीन, आणि गोलरक्षक झू यू चीनची नायिका ठरली.

अंतिम सामना ६ फेब्रुवारीस नवी मुंबईत होता. तो दिवस महाराष्ट्र विसरणार नाही, परंतु फुटबॉलमुळे नव्हे. सकाळी लतादीदी गेल्या. संध्याकाळी शिवाजी पार्कवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले आणि साऱ्या देशाचे डोळे तिकडे लागले होते. खाडीपलीकडे रिकाम्या मैदानात कोरियाने विश्रांतीपूर्वी दोन गोल केले होते. चीनने अडुसष्टाव्या व बहात्तराव्या मिनिटास ते फेडले आणि जादा दिलेल्या वेळात शियाव युयी हिने तिसरा गोल करून चषक जिंकला. चीनचे हे नववे विजेतेपद. आठवे २००६ साली मिळाले होते.

या सगळ्या हकिकतीत आम्हांस महत्त्वाचे वाटते ते विजय नव्हेत. विजेत्यांच्या पाठीशी असलेले पराभव पाहावे. हाच चिनी संघ २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ब्राझीलकडून पाच व नेदरलँड्सकडून आठ गोल खाऊन परतला होता. अवघ्या सहा-सात महिन्यांपूर्वीची ती गोष्ट. त्यानंतर पूर्वीची खेळाडू शुई चिंगशिया हिच्याकडे संघ सोपविला गेला आणि तोच संघ आशियाचा विजेता झाला. फिलिपीन्सला साखळीत ऑस्ट्रेलियाने चार-शून्य असे लोळविले होते. चिनी तैपेईनेही चीनकडून चार गोलांची हार खाल्ली होती. तरी हे दोन्ही संघ बादफेरीत होते.

सर्वांत बोलके उदाहरण व्हिएतनामचे. स्पर्धेपूर्वी स्पेनमधील सराव शिबिरात त्या संघातील अनेकींस कोरोनाने गाठले होते. साखळीत तो कोरियाकडून तीन गोलांनी हरला, जपानकडून तीन गोलांनी हरला आणि म्यानमारशी कशीबशी दोन-दोन बरोबरी केली. तीन सामने, एक गुण, विजय शून्य. गटात तिसरा आल्यामुळे तो उपउपांत्य फेरीत गेला आणि तेथे चीनकडून हरला. तरीही दार मिटले नाही. या फेरीत हरलेल्या संघांसाठी विश्वचषकाची आणखी एक वाट ठेवलेली होती. व्हिएतनामने थायलंडला दोन-शून्य व चिनी तैपेईला दोन-एक असे हरवून ती गाठली. आमच्या शालेय नियमांनी ही स्पर्धा भरली असती तर व्हिएतनामच्या मुली २१ जानेवारीस, कोरियाशी पहिला सामना हरताच, सामान बांधून विमानतळावर गेल्या असत्या.

विश्वचषकात व्हिएतनाम तिन्ही सामने हरला, हे आम्ही लपवीत नाही. फिलिपीन्सने मात्र २५ जुलै २०२३ रोजी वेलिंग्टन येथे यजमान न्यूझीलंडला त्याच्या घरी एक-शून्य असे हरविले, आणि तो गोलही बोल्डेनचाच होता. बालेवाडीचा फटका मारणाऱ्या पायाने दीड वर्षाने काय केले ते यावरून दिसते.

आता आपल्या घरी येऊ.

वेरूळच्या एखाद्या शाळेत आठवी-नववीच्या मुलींचा फुटबॉल संघ आहे, असे क्षणभर धरून चाला. एखाद्या उत्साही शिक्षकाने वा शिक्षिकेने तो जमविला आहे. दोन महिने शाळा सुटल्यावर सराव झाला आहे. घरच्यांची समजूत घालून झाली आहे, आणि ही समजूत घालणे फुटबॉल शिकविण्यापेक्षा अवघड असते हे ग्रामीण भागात शिकविलेल्या कोणासही ठाऊक आहे. स्पर्धेच्या दिवशी पहाटे डबे बांधून मुली एसटीने खुलताबाद, दौलताबादचा घाट करीत शहरात येतात. समोर शहरातील मुरलेला संघ येतो. अर्ध्यापाऊण तासात चार-पाच गोल होतात. मुली झाडाखाली डबे उघडतात, शिक्षक सहभागाची प्रमाणपत्रे गोळा करतात आणि दुपारच्या गाडीने सारे परत. पुढला सामना पुढल्या वर्षी, आणि पुढल्या वर्षी त्यांतल्या काही मुली दहावीत गेलेल्या असतात. दहावीत गेलेली मुलगी मैदानावर किती दिसते हे आम्ही सांगावयास नको.

आम्ही स्वतः काही वर्षे शाळेत शिकविले आहे. तेव्हा हा दोष दुसऱ्यांच्या माथी मारण्याचा आम्हांस अधिकार नाही. अभ्यासक्रम मागे पडला म्हणून खेळाचा तास मागून घेणाऱ्या शिक्षकांत आम्हीही होतो. त्या तासात व्याकरणाचे प्रयोग शिकविले. कर्मणी व भावे यांतला भेद त्या मुलांस किती उरला असेल, देव जाणे. क्रीडाशिक्षक बिचारा काही बोलत नसे, कारण पहिल्याच फेरीत हरणाऱ्या संघासाठी तास मागण्याचे तोंड त्यास नव्हते. संघास सामने नाहीत म्हणून सरावास वेळ नाही, सराव नाही म्हणून संघ हरतो, आणि संघ हरतो म्हणून सामने नाहीत, असे हे रहाटगाडगे आहे.

थोडे गणितही करून पाहू. बत्तीस शाळा आल्या तर बाद पद्धतीने एकतीस सामन्यांत विजेता ठरतो. यांत सोळा संघांच्या वाट्यास प्रत्येकी एक सामना येतो, आठ संघांच्या वाट्यास दोन. म्हणजे चोवीस शाळांतील मुली वर्षभरात एक किंवा दोन सामने खेळतात. याच बत्तीस शाळांचे चार-चारांचे आठ गट पाडले तर अठ्ठेचाळीस साखळी सामने होतील आणि प्रत्येक संघास, तो कितीही दुबळा असो, तीन सामने मिळतील. प्रत्येक गटातले दोन संघ घेऊन पुढे बादफेरी भरविली तर आणखी पंधरा सामने. एकतिसाच्या जागी त्रेसष्ट, म्हणजे दुपटीस थोडे अधिक. शासनाच्या दृष्टीने हा दुप्पट खर्च आहे, आणि अधिकाऱ्यांची अडचण आम्ही जाणतो. मैदाने थोडी, पंच थोडे, परीक्षांच्या मधले दिवस त्याहून थोडे. पण विजेता लवकर शोधून वरच्या पायरीवर पाठविणे एवढेच आपल्या स्पर्धांचे काम आहे काय? टपाल पुढे ढकलावे तसा एक संघ जिल्ह्याने विभागास व विभागाने राज्यास ढकलावयाचा, आणि उरलेल्या एकतीस संघांचे काय झाले हे कोणी विचारावयाचे नाही, अशी ही रीत आहे.

बादफेरीवर आमचा राग नाही. जो सामना हरला तर सारे संपले, त्यातच खेळाडूच्या मनाचा कस लागतो. १ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकच्या बादफेरीतच मुंबईच्या नेव्हिल डिसोझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारताने तो सामना चार-दोन असा जिंकला. पण डिसोझा आकाशातून पडलेला नव्हता. मुंबईत त्या काळी कूपरेजवर रोव्हर्स चषकाची बाद पद्धतीची स्पर्धा होती, तशी हारवूड लीगही होती. वर्षभर साखळीत खेळून, हरून, पुन्हा खेळून तयार झालेले पाय चषकाच्या दिवशी कामास येत. आजच्या महाराष्ट्रात कोल्हापूरकडे पाहावे. तेथे शाहू स्टेडियमवर तालीम मंडळांचे संघ दर हंगामास साखळी खेळतात. पाटाकडील व दिलबहार यांची लढत असली की शहरात दुसरा विषय नसतो. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा. हा केवळ योगायोग आहे असे कोणी म्हणेल. आम्हांस तसे वाटत नाही.

मैदाने देण्यात महाराष्ट्र कोठेच कमी पडत नाही. त्याच २०१७ च्या विश्वचषकाचा एक उपांत्य सामना नवी मुंबईत झाला. त्या वर्षी १५ सप्टेंबरास दहा लाख मुलांनी एकाच दिवशी फुटबॉल खेळावा असा उपक्रम शासनाने योजिला होता, आणि शाळाशाळांत चेंडू वाटले गेले. एक दिवस! दुसऱ्या दिवसाचे काय, हा प्रश्न त्या चेंडूंबरोबर पाठविला गेला नाही. २०२२ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामनाही नवी मुंबईतच झाला. स्पेनने कोलंबियास एका गोलाने हरविले. त्या स्पर्धेत भारताच्या मुली तिन्ही सामने हरल्या. जानेवारीच्या आशियाई चषकासाठी निवडलेल्या भारतीय महिला संघाच्या यादीत आम्ही मराठी आडनाव शोधले होते, ते सापडले नाही. मणिपूर, झारखंड, ओडिशा, तामिळनाडू, पंजाब, हरियाणा येथील मुली त्यात होत्या. मांडव आपला, वाजंत्री आपली आणि लग्न दुसऱ्याचे, अशी ही अवस्था आहे.

भारतीय महिला फुटबॉल कायमच मागे होता असेही नाही. १९८० च्या जानेवारीत कालिकतला भरलेल्या आशियाई स्पर्धेत आणि पुढे १९८३ साली भारत उपविजेता होता. त्यानंतरची घसरण दीर्घ होती. ५ जुलै २०२५ रोजी थायलंडमधील चिआंग माई येथे भारताने यजमानांस दोन-एक असे हरवून २०२६ च्या आशियाई चषकातील स्थान पात्रता स्पर्धेतून मिळविले, असे प्रथमच घडले. दोन्ही गोल संगीता बासफोरचे. ही पात्रता फेरी साखळी पद्धतीची होती. मंगोलिया, तिमोर-लेस्ते व इराक यांच्याशी तीन सामने खेळून संघ थायलंडसमोर उभा राहिला होता, ही गोष्ट आमच्या मुद्द्यास धरून आहे म्हणून नोंदवितो. २०२२ साली ज्या मुलींस एका सामन्यानंतर परतावे लागले, त्यांपैकी काही या संघातही होत्या.

आमची सूचना लहान आहे आणि तिच्यासाठी मंत्रिमंडळाच्या बैठकीची गरज नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात शालेय मुलींच्या फुटबॉलपुरती, एका वर्षासाठी, गटसाखळी करून पाहावी. खुलताबाद, कन्नड, फुलंब्री, वैजापूर येथील शाळांनी आपापल्या तालुक्यात चार-चारांचे गट करावे आणि सामने शनिवारी दुपारी, शाळा सुटल्यावर, जवळच्याच मैदानावर ठेवावे; म्हणजे शहराचा प्रवास वाचेल. अकरा मुली जमत नसतील तेथे सात-सातांचे संघ चालतील. पंचांसाठी शारीरिक शिक्षण महाविद्यालयातील विद्यार्थी आहेत. त्यांसही अनुभव हवाच असतो. क्रीडागुणांची सवलत मोजताना केवळ विजय न पाहता खेळलेले सामनेही मोजता येतील काय, याचा विचार शिक्षणखात्याने करावा. गारखेड्याच्या विभागीय क्रीडासंकुलात बादफेरी भरवावी ती यानंतर. खर्च एसटीच्या भाड्याचा, चेंडूंचा आणि लिंबूपाण्याचा. शहरातील उद्योजकांनी मनावर घेतले तर तो एका सत्कारसमारंभाच्या खर्चाहून अधिक होणार नाही.

परिपत्रक निघण्यापूर्वी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांनी मुख्याध्यापकांची एक बैठक बोलवावी, अशी आमची त्यांस विनंती आहे. पहिल्या शनिवारी पाच गोलांनी हरलेल्या वेरूळच्या मुली दुसऱ्या शनिवारी मैदानावर दिसल्या, तर त्या सामन्याचा निकाल, तो काहीही लागो, आम्ही याच पानावर छापू.